गॅस्केटवरचा रफार

कुकरला शिट्टी होईना तेव्हा मार्गारेटने गॅस बंद केला, झाकण उघडून आतून-बाहेरून बघितलं आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "ज्युलीचे पप्पा, कुकरची रिंग कुठाय?"

अंगणात चिकूच्या झाडाखाली ॲन्सेल्म मोटारसायकलपुढे पाटावर बसला होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मी काय विचारते?" मार्गारेट हात पुसत दारात आली.

"कुठली रिंग?"

असं त्याने विचारायला नको होतं. त्या घरात रिंग एकच होती आणि ती कुठे आहे हे मार्गारेटला दारातूनच दिसलं. मोटारसायकलच्या पुढच्या मोठ्या दिव्याच्या काचेभोवती पांढरंशुभ्र रबर बसलेलं होतं. वीस वर्षांच्या काळ्या गाडीला ते म्हाताऱ्याला बसवलेल्या नव्या कवळीसारखं दिसत होतं.

"दिव्यात पाणी जात होतं गं," ॲन्सेल्म म्हणाला. "आतून गंज धरला. मी फक्त माप घेऊन बघत होतो, तर अशी बसली की..."

"बसली ना? मग आज तुमचा भात त्या दिव्यातच शिजवा."

त्या दिवशी भुईगावच्या रुमावांच्या घरी भात पातेल्यात शिजला आणि खाली थोडा लागलाही.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. महिनाअखेरीला ज्युलीचं लग्न होतं, उमेळ्याच्या सॅमीशी. मुलगा सगळ्यांना पसंत होता, हॉल ठरला होता, बँड ठरला होता. घरात वाद होता तो एकाच गोष्टीवर: नवरीने चर्चला जायचं कशावर? ज्युली म्हणत होती, पप्पांच्या मोटारसायकलवर.

ही मोटारसायकल ॲन्सेल्मने बहारीनमध्ये घेतली होती. तिकडे तो एका जहाज कंपनीत कारकून होता. गाडी जपानी, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली; पुढे वारा अडवायची काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि सीट एखाद्या सोफ्यासारखी. नोकरी सोडून परत येताना लोकांनी टीव्ही आणले, सोनं आणलं. ॲन्सेल्मने बोटीतून ही गाडी आणली. तिच्यावरून कन्याकुमारीला जायचं, गोव्याला जायचं, असं त्याच्या मनात होतं. प्रत्यक्षात ती एकदा नाशिकपर्यंत गेली आणि टेम्पोतून परत आली. तेव्हापासून ॲन्सेल्म एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होता आणि गाडी चिकूखाली.

पण ज्युलीचं म्हणणं निराळं होतं. पप्पा बहारीनहून आले तेव्हा ती बालवाडीत होती. फोटोतला माणूस एकदम दारात उभा राहिल्यावर ती आईच्या मागे लपली आणि पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याने चॉकलेट दिलं, बाहुली दिली, तिने हात लावला नाही. शेवटी एक दिवस ॲन्सेल्म गाडी पुसत असताना ती आपणहून जवळ आली आणि म्हणाली, "ही कुणाची?" त्याने तिला पेट्रोलच्या टाकीवर बसवलं आणि समुद्रापर्यंत नेऊन आणलं. परतताना ती त्याला पप्पा म्हणाली. त्याच दिवशी त्याने तिला कबूल केलं होतं, की लग्नाला चर्चमध्ये तुला हिच्यावरूनच नेणार.

आता ज्युली हायस्कुलात मराठी शिकवत होती, व्याकरणात कुणाला सोडत नव्हती, आणि शब्द दिलेल्या बापालाही सोडणार नव्हती.

"जा की," मार्गारेट म्हणाली. "मी कुठे नको म्हणते? पण तिचा गाऊन पांढरा आहे. आणि तुमची गाडी उभी राहते तिथे गवत उगवत नाही."

हे खरंच होतं. माणसाचं वय केसांवरून कळतं, तसं गाडीचं रबरावरून. त्या गाडीचं लोखंड अजून ठणठणीत होतं, पण रबर म्हणून जे जे होतं ते सगळं संपलं होतं. पेट्रोलची नळी सुक्या बोंबलासारखी कडक झाली होती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी गळ्याला मे महिन्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या. पाय ठेवायची रबरं हात लावला की भुगा होऊन गळत. आणि इंजिनातून तर, जिथे दोन लोखंडी भाग एकमेकांना भेटत, तिथून तेल पाझरत होतं.

मार्गारेटने अट घातली. कपाटातली जुनी पांढरी चादर काढून तिने स्वतःच्या हाताने गाडीखाली अंथरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "ही चादर पांढरी राहू दे. मग बसवा माझ्या मुलीला."

चादर अंथरली आणि भुईगावात चर्चा सुरू झाली. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून बघू लागले. शेजारच्या बेटीमावशींनी विचारलं, "काय रे ॲन्सेल्म, गेली का?" एका रविवारी मिस्सा आटोपून फादर स्वतः सायकलवरून आले, चादरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्रार्थना करू."

ॲन्सेल्मने कंबर कसली. शाळेतून आला की पँट बदलायची आणि पाटावर बसायचं. वसई रोडच्या दुकानांतून या गाडीचं सामान मिळणं शक्यच नव्हतं. दुकानदार नाव ऐकूनच हसत. मग तो मापं घेऊन फिरला. पाण्याच्या पंपाचं सील एके ठिकाणी चपखल बसलं, टेम्पोचं दुसरीकडे. पाय ठेवायला जुन्या टायरचं रबर चढवलं. पेट्रोलची नळी नवी आणली. टाकीच्या झाकणाखालचा वायसर मात्र त्याने घरच्या गरम पाण्याच्या पिशवीतून कापला. पेट्रोल पिऊन तो वायसर इतका फुगला की पापडी गावच्या पेट्रोलपंपावर झाकण उघडेना. मागे टेम्पो, रिक्षा, एक भाताचा ट्रॅक्टर असे सगळे हॉर्न वाजवत होते, पंपावरचे दोघे आणि ॲन्सेल्म मिळून झाकण पिळत होते, आणि झाकण निघालं तेव्हा फाटलेल्या वायसरचा तुकडा टाकीत पडला. रात्री मार्गारेटची कंबर दुखायला लागली आणि तिने पिशवी मागितली, तो प्रसंग सांगण्यात अर्थ नाही.

असं करत करत एकेक गळती बंद झाली. चादरीवरचे डाग चारावरून दोनावर आले आणि शेवटी एकच उरला. तो उजव्या बाजूचा, क्लचवरच्या मोठ्या झाकणाखालचा. त्या झाकणाच्या आणि इंजिनाच्या मध्ये, फटीतून तेल येऊ नये म्हणून, कागदी गॅस्केट असतं. जुनं गॅस्केट खरवडून काढावं लागलं होतं आणि ॲन्सेल्मने बाजारातून आणलेल्या कागदाची दोनदा बनवलेली गॅस्केटं दोन्ही वेळा फाटली.

गॅस्केट बनवायचं कसं हे त्याला येत होतं. जाड कागद झाकणावर धरायचा आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. लोखंडाची कड कागद कापते, मधला भाग गळून पडतो आणि झाकणाच्या आकाराची एक चिंचोळी पट्टी हातात उरते. प्रश्न कागदाचा होता. चिवट हवा, जाड हवा आणि मोठा हवा.

हात पुसायला तो घरात आला, तेव्हा टेबलावर लग्नाची कार्डं पडली होती.

कार्डं ज्युलीने निवडली होती. जाड, मुलायम आणि उलगडलं की चांगलं मोठं होणारं कार्ड. छापखान्याने लिफाफे अजून दिले नव्हते, म्हणून ज्युलीने पाहुण्यांची नावं कार्डातच, आतल्या बाजूला खालच्या ओळीवर सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती. टेबलावर दोन गठ्ठे होते, एक लिहिलेल्या कार्डांचा आणि एक कोऱ्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते. ॲन्सेल्मने एका गठ्ठ्यावरचं सगळ्यात वरचं कार्ड उचललं, दोन बोटांत वाकवून बघितलं आणि त्याचं मन प्रसन्न झालं.

अर्ध्या तासात गॅस्केट तयार झालं. खात्रीसाठी त्याने दोन्ही बाजूंनी शेलॅकचा, म्हणजे चिकट लाखेचा, घट्ट थर दिला, बोल्ट आवळले आणि चादर धुऊन पुन्हा अंथरली.

दुसऱ्या दिवशी चादर पांढरी. तिसऱ्या दिवशी पांढरी. त्या आठवड्यात मार्गारेट रोज सकाळी चष्मा लावून, ओणवी होऊन बघायची आणि चहा ठेवायला जायची. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "गाऊनच्या मागच्या झालरीला दोन टाके घालावे लागतील. चाकात जाईल नाहीतर." ॲन्सेल्मला कळलं, आपण जिंकलो.

कार्डं वाटून झाली. मांडवाचे बांबू आले. आणि लग्नाला दोन दिवस उरले असताना नंदाखालहून क्लारावहिनीचा फोन आला.

क्लारा ही मार्गारेटच्या मोठ्या भावाची, बर्नार्डची बायको. बर्नार्ड तुस्कानो म्हणजे नंदाखालचे मोठे केळी बागायतदार आणि त्याहून मोठे मानकरी. तुस्कानोंच्या घराण्यात चर्चच्या दारात भाचीचा हात धरायचा मान मामाचा. त्याच्याशिवाय नवरी पायरी चढत नाही.

"मार्गारेट," क्लारा दबक्या आवाजात म्हणाली, "हे येत नाही म्हणतात. सूट शिवून आलाय, क्रीम कलरचा, पण कपाटात कुलूप लावून ठेवलाय. म्हणतात, बिनबोलावता मी कुणाच्या दारी गेलो नाही, जाणार नाही."

"बिनबोलावता? त्याचं कार्ड तर सगळ्यात आधी..." मार्गारेट थांबली आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही दिलं ना दादाला कार्ड?"

"मी? तुझा भाऊ म्हणून मला वाटलं तू दिलंस."

"नंदाखाल तुमच्याकडे होतं!"

"भाऊ तुझ्याकडे आहे!"

ज्युलीने एका कोऱ्या कार्डावर झटपट मामांचं नाव लिहिलं आणि नवराबायको तसेच रिक्षाने नंदाखालला धावले.

बर्नार्ड ओटीवर पेपर वाचत बसले होते. पाहुणे आले तरी पेपर खाली आला नाही.

"दादा, उद्या दुपारीच या," मार्गारेट गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही आल्याशिवाय मांडवाला शोभा नाही."

"कुठल्या मांडवाला?"

"असं काय करता? आपल्या ज्युलीचं लग्न आहे."

"हो का?" पेपरामागून उत्तर आलं. "असेल, असेल. गावात लोक बोलत होते काहीतरी. लिओनार्डने तर कार्डसुद्धा दाखवलं."

लिओनार्ड तुस्कानो हा त्यांचा चुलतभाऊ. दोघांच्या बागा लागून होत्या, मधल्या पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. पण कार्ड दाखवण्यापुरतं लिओनार्डने ते मुद्दाम सुरू केलं होतं.

मार्गारेटने कार्ड पुढे केलं. बर्नार्डनी ते उघडलं, नावावर अंगठा फिरवला आणि अंगठा बघितला. अंगठा निळा झाला होता.

"शाई ओली आहे," ते म्हणाले. "म्हणजे रडल्यावर मिळालेलं कार्ड. लिओनार्डला मागण्याआधी, मला मागितल्यावर."

"आईशप्पथ दादा, तुमचं नाव ज्युलीने सगळ्यात आधी लिहिलं होतं! गठ्ठ्यात सगळ्यात वर तुमचंच कार्ड होतं."

"मग ते कुठाय? ते दाखव, मी येतो."

सगळ्यात वर. हे शब्द ऐकले आणि ॲन्सेल्मला टेबलावरचा गठ्ठा आठवला. त्या दिवशी हातोडीने ठोकताना पट्टीच्या कडेला काहीतरी निळं दिसलं होतं. त्याला वाटलं होतं, छपाईची नक्षी असेल.

"दादा," तो खाकरून म्हणाला, "तुमचं कार्ड गाडीत आहे."

"मग आण की. पेटीत राहिलं?"

"पेटीत नाही. इंजिनात."

आता पेपर खाली आला. त्याची व्यवस्थित घडी झाली. "ॲन्सेल्म," बर्नार्ड म्हणाले, "मी केळी लावतो. पण म्हणून अजून माकड झालेलो नाही."

ॲन्सेल्मने सगळं सांगितलं. गॅस्केट म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, हातोडी कशी ठोकतात ते सांगितलं. मार्गारेट तोंडावर पदर धरून ऐकत होती; हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. बर्नार्डनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ते एवढंच म्हणाले, "उद्या येतो. माझ्यासमोर उघडायचं. माझं नाव दिसलं तर मी मामा. नाहीतर मी आपला नंदाखालचा एक माणूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खरंच आले. लग्नाचा आदला दिवस. अंगणात मांडव पडला होता, आचारी कांदे चिरत होते, पाहुणे जमायला लागले होते. बर्नार्डनी मोटारसायकलपुढे खुर्ची मांडायला लावली आणि चष्मा लावून ते तिच्यात बसले. त्यांच्यामागे मार्गारेट, क्लारा, ज्युली आणि हातातल्या सुऱ्यांसकट आचारी.

"दादा, एकदा उघडलं की गॅस्केट फाटणार," ॲन्सेल्म शेवटचं म्हणून बघत होता. "इतक्या मुश्किलीने गळती थांबलीय हो. उद्या सकाळी लग्न."

"फाटू दे. उघड."

तेल काढलं, एकेक बोल्ट काढला आणि झाकणावर लाकडाने हळूच टिचकी मारली. झाकण सुटलं. गॅस्केट टरकन फाटलं. अर्धं झाकणाला चिकटून आलं, अर्धं इंजिनालाच राहिलं. ॲन्सेल्मने डोळे मिटून घेतले.

"इथे काहीतरी लिहिलंय!" क्लारा ओरडली.

झाकणाच्या खालच्या कडेला, तेलाने पिवळ्या पडलेल्या पट्टीवर अक्षरं दिसत होती. आधी 'श्री.' मग बोल्टचं गोल भोक. भोकाच्या पुढे 'नार्ड तुस्कानो'. अक्षरांच्या वरच्या अंगाला शेलॅकचा काळपट गोळा सुकून बसला होता.

"झालं?" मार्गारेटचा जीव भांड्यात पडला. "बघा दादा, नार्ड तुस्कानो!"

बर्नार्ड पुढे वाकले. बराच वेळ वाचत राहिले. मग मागे टेकले. "नार्ड," ते म्हणाले. "लिओनार्डपण नार्डच."

एका आचाऱ्याने सुरी खाली ठेवली.

"अहो, पण लिओनार्डला त्याचं कार्ड मिळालंय!"

"चुकलेलं असेल एखादं. पहिल्यांदा लिहिताना बिघडलं, टाकून दिलं, ते ह्याने घेतलं. त्याच्या बिघडलेल्या कार्डावर मी येऊ?"

तेवढ्यात ज्युली पुढे झाली. मेंदी काढलेले हात मागे धरून ती पट्टीवर वाकली आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मामा, 'लिओनार्ड'मध्ये रफार किती?"

"काय किती?"

"रफार. अक्षराच्या डोक्यावरचा. 'लिओनार्ड'मध्ये एक, 'ड'वर. 'बर्नार्ड'मध्ये दोन. एक 'ना'वर, एक 'ड'वर. 'ड'वरचा दिसतोय. 'ना'च्या डोक्यावर तो गोळा बसलाय. त्याच्याखाली रफार निघाला तर हे नाव तुमचं, नाही निघाला तर लिओनार्डमामांचं."

बर्नार्डना हे पटलं. निदान नाही म्हणायला काही सापडलं नाही. आता गोळा काढायचा कसा? शेलॅक पाण्याने जात नाही, पेट्रोलने जात नाही. "दारूने जातो," ॲन्सेल्म म्हणाला. मांडवासाठी गाळून घेतलेल्या बाटल्या पलंगाखाली होत्या; त्यांतली एक आली. क्लाराने कापूस आणला. ज्युलीच्या हातावर मेंदी होती, म्हणून कापूस ॲन्सेल्मनेच दारूत बुडवला आणि 'ना'च्या डोक्यावर हलकेच फिरवू लागला.

"जपून पप्पा, शाईपण जाईल," ज्युली म्हणाली.

सगळी डोकी एकत्र आली. गोळा मऊ पडला, तांबूस होऊन पसरला, एका बाजूने सरकला...

"दिसला!" बर्नार्ड ओरडले. "दिसला रफार! हा काय!"

"कुठे?" म्हणून बाकीचे वाकेपर्यंत दारूने आपलं काम केलं होतं. आधी 'ना'चं डोकं विरघळलं, मग 'ना', मग 'र्ड', आणि पट्टीवर फिकट निळा ओघळ उरला. ॲन्सेल्मचं नाक कापसापासून वीतभर अंतरावर होतं. त्याला काहीही दिसलं नव्हतं. त्याने बायकोकडे बघितलं. तिनेही हळूच नकारार्थी मान हलवली.

"मी बघितला ना," बर्नार्ड खुर्चीतून उठत म्हणाले. "चांगला ठसठशीत होता. पोरीने सगळ्यात आधी माझंच नाव लिहिलं होतं." आणि त्यांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला.

बाटली उघडलेलीच होती, तेव्हा ती पुन्हा बंद करण्यात अर्थ नव्हता.

पण गाडी उघडी पडली होती. कोरी कार्डं संपली होती. उरलेलं एकच, ओल्या शाईचं, बर्नार्डनी नाकारलेलं. ते क्लाराने गुपचूप पर्समध्ये टाकून आणलं होतं. ॲन्सेल्मने ते झाकणावर धरलं आणि हातोडी उचलली, तोच बर्नार्डनी त्याचा हात धरला.

"थांब. ह्या वेळी नावातून भोक जाता कामा नये."

"दादा, कार्ड सरकवलं तर खालचा कोपरा कमी पडतो."

"कोपऱ्याला तुकडा जोड. नाव अख्खं राहिलं पाहिजे. श्रीपासून परिवारापर्यंत."

लग्नाच्या आदल्या दिवशी, हातापाया पडून आणलेल्या मामाशी वाद कोण घालणार? ॲन्सेल्मने कार्ड सरकवलं, कोपऱ्याला तुकडा जोडला, वर शेलॅक थापला आणि देवाचं नाव घेऊन बोल्ट आवळले. चादर अंथरून बघावं म्हटलं, तर ती आचाऱ्यांनी कांद्याच्या ढिगावर घातली होती.

सकाळी ऊन कोवळं होतं. ॲन्सेल्मने काळा सूट घातला होता आणि नखं लिंबाने घासून घासून पांढरी केली होती. ज्युली गाऊनचा घोळ मांडीवर गोळा करून एका बाजूला पाय टाकून मागे बसली. मार्गारेटने झालर तीनतीनदा तपासली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मागून फुलं लावलेल्या गाडीत मार्गारेट. तिची नजर पूर्ण रस्ताभर मोटारसायकलच्या बुडाखाली.

केळीच्या बागांमधल्या अरुंद वाटेने मोटारसायकल निघाली. कुंपणाकुंपणाशी माणसं उभी होती. बेटीमावशींनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला.

"पप्पा, हळू," ज्युली कानाशी म्हणाली.

"हळूच आहे."

"अजून हळू."

त्याने आणखी हळू घेतली. टाकीवर बसून समुद्र बघायला निघालेली ती पोर इतकी वर्षं मागे बसून वाट बघत होती, असं त्याला वाटलं. पुढची काच एकदम धूसर झाली; पण काचेवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

चर्चच्या दारात बर्नार्ड क्रीम कलरच्या सुटात छाती काढून उभे होते. त्यांनी पुढे होऊन भाचीचा हात धरला, ती उतरली, बँडने जोर धरला. मार्गारेट गाडीतून जवळजवळ उडी मारून आली आणि तिने गाऊन वरपासून खालपर्यंत बघितला. एक ठिपका नव्हता. दुधासारखा पांढरा.

मग तिने मोटारसायकलखाली बघितलं. उजव्या बाजूला, जोडलेल्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, फरशीवर तेलाचा एक टपोरा थेंब पडला होता. ती बघत असतानाच दुसरा पडला. गरम सायलेन्सरवरून निळसर धुराची बारीक रेघ वर जात होती.

ॲन्सेल्म स्टँड लावून त्याच बाजूला येत होता. चेहरा असा, जणू गोव्याला जाऊन आला. "बघितलंस? एक थेंब..." असं म्हणत तो वाकणार, एवढ्यात मार्गारेटने आपली नवी पांढरी सँडल पुढे टाकली आणि दोन्ही थेंबांवर पाय ठेवून उभी राहिली.

"बघितलं. एक थेंब नाही," ती म्हणाली. "आता काय वाकताय? मुलगी दारात उभी आहे तुमची वाट बघत."

तो गेला. ती मात्र वाजंत्री आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

मिस्सा झाली, वचनं झाली, फोटो झाले. नवरानवरी सॅमीच्या गाडीतून हॉलकडे निघाली. गर्दी पांगल्यावर मार्गारेट साडीचा पदर खोचत, केसांतला गजरा सारखा करत चर्चच्या दारापुढे, मोटारसायकल लावली होती तिथे आली. तिथे झाडाखाली क्लारा एकटीच उभी होती. मोटारसायकल नव्हती.

"हे कुठे गेले?" मार्गारेटने विचारलं.

"दोघे गेले हॉलवर. तुझे दादा म्हणाले, गाडीत माझं नाव आहे, मग मी का रिक्षाने जाऊ? असे बसलेत मागे, ऐटीत. ॲन्सेल्मला म्हणाले, नंदाखालवरून वळसा घालून ने, लिओनार्डच्या दारावरून." क्लाराने तिच्या खोचलेल्या पदराकडे बघितलं. "का गं? तुला जायचं होतं?"

"आज एकदा बसावं म्हटलं होतं," मार्गारेट म्हणाली. रस्त्याच्या वळणापर्यंत फरशीवर, मग मातीवर, काळ्या ठिपक्यांची एक ओळ गेली होती. ती त्या ओळीकडे बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. "पण जाऊ दे, वहिनी. दादाच बसला ते बरं झालं. तेल उजव्या बाजूने उडतंय आणि त्याचा सूट क्रीम कलरचा आहे."

दोघी हसत हसत रिक्षा बघायला निघाल्या.